नाकाला विचारते

"थांब गं, नाकाला विचारते."

हे म्हणताना तिच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात भाजलेल्या मसाल्याची चिमूट असे. चिमूट नाकाखाली जायची, डावा डोळा मिटायचा, आणि समोरची बाई, मग ती सरपंचाची बायको असो की शाळेतली बाई, निकालाची वाट बघत असल्यासारखी गप्प व्हायची. मग डोळा उघडायचा. "धणे घाईत भाजलेस. घरी ने, पुन्हा तव्यावर टाक." किंवा नुसतं, "बरं हाय, ओत." त्यापुढे चर्चा नाही.

शिळफाट्याला पत्र्याच्या गाळ्यांच्या रांगेत तिचा डंक होता आणि त्याला लागून माझं मेडिकलचं दुकान. डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायची गिरणी. मोटार सुरू झाली की लोखंडी मुसळं एकामागून एक उखळात आदळतात. मार्चपासून पावसापर्यंत माझ्या कपाटातल्या बाटल्या दिवसभर एकमेकींवर टकटक करत असत, आणि गिऱ्हाईक औषधाचं नाव सांगायच्या आधी दोनदा शिंकत असे. मी तक्रार केली की ती म्हणायची, "गोळीवाल्या, माझ्या धुरळ्यावर तुझ्या सर्दीच्या गोळ्या खपतात. उलट तूच मला चहा पाजायला पायजेस." मग चहा यायचा. तो बहुतेक वेळा मीच मागवलेला असायचा.

तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. मी 'गोळीवाल्या', आणि ती सगळ्या रांगेची मावशी.

डंकावर बसणारी प्रत्येक बाई नाकातोंडाला फडकं बांधते. तुम्ही कुठल्याही गावच्या डंकावर जाऊन बघा, बाईचे डोळे तेवढे दिसतील. आमची मावशी मात्र उघड्या तोंडाने त्या लाल धुरळ्यात बसायची आणि शिंकायची नाही. फडकं का बांधत नाहीस, असं मी एकदा विचारलं. "बांधून ठेवलं तर नाक काम काय करंल?" ती म्हणाली. जणू नाक हा तिने पगारावर ठेवलेला माणूस होता.

ती बौद्धवाड्यातली. नवरा कारखान्यात होता, तो गेल्यावर तिने हा डंक घातला. सुरुवातीला तिच्याकडे ठरावीक घरंच येत. बाकीच्या बाया मिरच्यांच्या पिशव्या घेऊन तिच्या दारावरून पुढे जात आणि दूर कुठेतरी कुटून आणत. कारण कोणी तोंडाने सांगत नसे, आणि कोणाला सांगायची गरजही नव्हती. ती त्यांना हाक मारायची नाही, रागाने बघायचीही नाही. बसून असायची.

मग एका दुपारी कुंभिवलीची एक बाई पिशवी घेऊन तिच्या दारावरून चालली होती. मावशी आतूनच म्हणाली, "बाई, तुझ्या पिशवीतली हळकुंडं किडलीत. कुटशील तर वर्षाचा मसाला जाईल." बाईने माझ्याच दुकानाच्या पायरीवर पिशवी उघडली. हळकुंडं मोडली तर आतून पीठ पडलं. ती बाई तिथेच थांबली, काय करावं ते तिला सुचेना. शेवटी मावशीनेच तिला आत बोलावलं आणि बसायला पाट दिला. पुढच्या उन्हाळ्यात ती बाई दोन जावांना घेऊन आली. आणखी काही वर्षांत अशी वेळ आली की त्याच घरांच्या बाया तिच्या डंकापुढे नंबरावरून भांडत होत्या. कोणी मोर्चा काढला नव्हता, कोणी भाषण दिलं नव्हतं. एका नाकाने हे काम केलं होतं, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

पुढे एका उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली आणि नाकात घालायचे थेंब मागितले.

"सर्दी झाली मावशी? तुला?"

"बसलीय आत. दे."

मी दिले. पुन्हा आली, पुन्हा दिले. मी थट्टाही करायचो, "नाकाला विचारलंस का, कुठले थेंब पायजेत ते?" ती हसायची, पण पूर्वीसारखं उलटं उत्तर द्यायची नाही. एक दिवस दुकानात कोणी नाही हे बघून तिने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली.

"वास येत नाय रं."

"कशाचा?"

"कशाचाच. कापूर हुंगला, फिनेल हुंगलं. शेजारीण म्हणाली, तुझं दूध करपलं. मी दुधापाशीच बसलेली."

मी औषधवाला. दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही तर आम्हाला कमीपणा वाटतो. मी सांगितलं, इतकी वर्षं धुरळा खाल्लास, नाक आतून सुजलं असेल, उतरेल. तरी कर्जतला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. परत आली ती कोड्यात पडलेली. "बत्ती घालून बघितलं. आत समदं साफ हाय म्हणतो. साफ हाय तर मग वास अडकला कुठं?"

मी थेंबांची आणखी एक बाटली दिली.

जाताना ती वळली. "कुणाला बोलू नको हां. डंकवालीचं नाक गेलं म्हटल्यावर माझ्याकडं राह्यलं काय?" मी मान डोलावली. आमच्या धंद्यात असल्या बऱ्याच गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात, त्यातलीच ही एक असं मला वाटलं.

त्यानंतरही तिने डंक चालवला. कसा चालवला हे तिनेच एकदा सांगितलं, आणि सांगताना तिला थोडी मजाही वाटत होती. मिरची कानाशी धरून मोडायची. नीट भाजलेली असेल तर आवाज कोरडा येतो. धणे बोटांत चुरडायचे. आणि चिमूट बाईच्या हातात देऊन म्हणायचं, "तूच नाकाला विचार आज. तुझं नाक तरणं हाय." बाई वास घ्यायची आणि मावशी तिच्या तोंडाकडे बघायची. भाजण्यात काही चुकलं असेल तर ते करणाऱ्या बाईच्या तोंडावर आधी उमटतं. बायांना वाटायचं, मावशी आता आपल्याला शिकवायला लागली. माझी बायकोही एकदा फुशारून घरी आली होती, "मावशी म्हणाल्या, तुम्हीच सांगा."

हे असंच आणखी चाललं असतं, पण कुंभिवलीच्या एका लग्नघराचा मसाला आला. त्यांच्या मिरच्यांचं पोतं कुठेतरी ओल लागून कुबट झालं होतं. घरच्यांनी ते कडक उन्हात वाळवलं, भाजलं आणि दोन पोरींबरोबर धाडलं. मिरची कानाशी कोरडी मोडली. धणे चांगलेच होते. राहिले पोरींचे चेहरे, ते दोन्ही मोबाइलमध्ये होते. "येतोय वास बरा?" मावशीने विचारलं. "हो, येतोय," एक पोरगी वर न बघता म्हणाली. मावशीने मसाला उखळात ओतला.

हळदीच्या जेवणात मटणाला गोदामासारखा वास येऊ लागला. पाहुण्यांनी ताटं तशीच ठेवली. लग्नघरात यापेक्षा मोठी नामुष्की नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लग्न उरकल्यावर एका दुपारी टेंपो येऊन डंकापुढे थांबला. नवऱ्या मुलाचा काका उतरला, दोन-तीन बाया उतरल्या आणि त्यांची एक म्हातारी आत्या. काकाने मसाल्याचा डबा तिच्यापुढे ठेवला. "घ्या वास."

मोटार बंद होती. नंबराला बसलेल्या बाया बघत होत्या. मी काउंटर सोडून पायरीवर आलो होतो. मावशीने चिमूट उचलली, नाकाखाली नेली आणि डावा डोळा मिटला. तो नेहमीपेक्षा बराच वेळ मिटलेला राहिला.

"मला तर बरा येतोय," ती म्हणाली.

आत्या काकाकडे वळली. "त्यांच्या हातात दिलं, तिथंच चुकलं आपलं. पयले जायचो तिकडंच बरं होतं."

नंबराच्या बाया आपापल्या पिशव्यांकडे बघत होत्या. इतकी वर्षं त्या डंकापुढे मांडीला मांडी लावून बसलेल्या बाया. मला वाटायचं हे सगळं कधीच संपलं. ते नुसतं दिसत नव्हतं. माझं डोकं तापलं. मी शिकलेला माणूस, दुकानात बाबासाहेबांचा फोटो लावणारा, मी ऐकून कसं घेणार? मी पायरी उतरलो.

"आत्या, जातीवर कशाला जाता? हिला वासच येत नाही. दोन-तीन वर्षं माझ्याकडून नाकाचे थेंब नेतेय. त्या बिचारीला कळणार कसं?"

बिचारी. हा शब्द मी वापरला.

आत्याचा चेहरा एकदम उतरला. "अगं बाई, असं होय," ती म्हणाली आणि तिने जिभेने च्च च्च केलं. काका ओशाळला. "मग सांगायचं तरी, मावशी." एका बाईने तर पुढे होऊन मावशीच्या दंडावर हात ठेवला. भांडण मिटलं. टेंपो गेला. मावशीने बोटातली चिमूट परत डब्यात टाकली, हात झटकले, नंबराच्या बायांना उद्या यायला सांगितलं आणि शटर ओढलं. या सगळ्यात तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, इतका मी स्वतःवर खूश होतो.

जेवताना मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिने भात वाढता वाढता विचारलं, "त्यांनी सांगायला सांगितलं होतं का तुम्हाला?"

"अगं, पण ती म्हातारी काय बोलली ऐकलंस ना?"

"ते ऐकलं. मी त्यांचं विचारतेय."

सकाळी मावशी नेहमीच्या वेळेला आली. मी वाटच बघत होतो. "मावशी, त्या आत्याचं मनावर घेऊ नको," मी सुरुवात केली.

"त्या बाईचं बोलणं मला नवीन हाय का?" ती शांतपणे म्हणाली. "बारकी होते तेव्हापासून ऐकतेय. त्याला उत्तर होतं माझ्याकडं. एवढी वर्षं नाकानंच दिलं. तेच तू काल त्यांच्या हवाली केलंस. आता पुन्हा कुणी बोललं तर मी काय दाखवू रं?"

मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही. तिने खांद्यावरून पदर ओढला, नाकावरून घेऊन मागे गाठ मारली आणि मोटार सुरू केली. इतक्या वर्षांत प्रथमच नाक बांधून.

त्या दिवसापासून डंकावर तिचेही डोळेच तेवढे दिसू लागले. बाहेरच्याला त्यात वावगं काही वाटलं नसतं. पण मोटार बंद असताना, चहा पिताना, धुरळ्याचा मागमूस नसतानासुद्धा, मी समोर आलो की तिचा हात पदराकडे जायचा आणि पदर नाकावर यायचा. फक्त मी आलो की.

गिऱ्हाईक कमी होत गेलं. यावेळी कोणी वाईट बोललं नाही, तेच अवघड होतं. "मावशीला आता कशाला त्रास," असं म्हणून बाया दुसरीकडे जायच्या. वाईट बोलणाऱ्याशी ती लढली असती, कीव करणाऱ्याशी लढायची सोय नव्हती. ती कीव मीच आणून दिलेली.

मग कोरोना आला. डंक बंद, माझं दुकान उघडं. दारापुढे खडूने काढलेल्या वर्तुळांत माणसं उभी राहायची आणि प्रत्येकजण रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "वास गेलाय." मावशीही आपल्या वर्तुळात उभी असायची. एकदा तिचा नंबर आला तेव्हा ती कितीतरी दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलली.

"गोळीवाल्या, लोकं बिनधास्त सांगतात रं."

"हो ना."

"त्यांना कुणी बिचारं म्हणत नाय."

मी गोळ्या मोजत राहिलो. सगळ्यांचीच नाकं झाकलेली होती, मला तिचा चेहरा दिसला नाही. पुढे ती येता-जाता विचारायची, कोणाकोणाचा वास परत आला. मी सांगायचो: पोस्टमनचा आला, भाजीवालीचा आला, माझ्या बायकोचा आला. तुझा आला का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

त्यानंतरचं तुम्ही ओळखलं असेल. आधी तिने चहाचे पैसे दोनदा दिले, मग चहा प्यायलाच नाही म्हणाली. शेजारच्या बाईला कर्जतला दिलेल्या आपल्या मुलीच्या नावाने हाक मारू लागली. आम्ही हसलो, वय झालं म्हणालो. एका सकाळी डंकाचा आवाज आला, पण नेहमीसारखा दबका नव्हता. लोखंडावर लोखंड आदळत होतं आणि माझ्या बाटल्या फळीवरून खाली येत होत्या. मी धावलो. उखळ रिकामं होतं, मुसळं जोरात आपटत होती, आणि ती पाटावर बसून दाराकडे बघत होती. मी मोटार बंद केली. "बाया येतायत," ती म्हणाली. पदर नाकावर होताच.

तिची मुलगी तिला कर्जतला घेऊन गेली. पनवेलच्या डॉक्टरकडे जायचं होतं तेव्हा मुलीने मलाही बोलावलं, औषधांतलं कळतं म्हणून. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: अल्झायमर. मग विचारलं, वास कसा येतो?

"वास तर फार आधीच गेला," मुलगी म्हणाली. "पण तो मिरचीनं."

डॉक्टरांनी मान हलवली. हा आजार आपल्याला दिसतो त्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत बदल सुरू झालेले असतात, ते म्हणाले. माणूस व्यवहार करतो, थट्टा करतो, घर चालवतो, आणि आत गाळ साचत असतो. वास ओळखणारा भाग त्यात लवकर सापडतो. वास गेलेल्या प्रत्येकाला हे होतं असं मुळीच नाही, आणि यांचं नेमकं कधी सुरू झालं हे आता सांगता येणार नाही. पण ते मिरचीनेच झालं असेल, असं त्यांना वाटत नव्हतं.

म्हणजे नाक साफच होतं. कर्जतचा डॉक्टर बरोबर होता आणि मी एका साफ नाकासाठी थेंब विकत होतो. ती मिरची कानाशी धरून हसत होती, बायांचे चेहरे वाचत होती, तिच्याइतकं हुशार आमच्या रांगेत कोणी नव्हतं, आणि तेव्हाच ते आत सुरू झालं असावं. मी ती वर्षं पुन्हा पुन्हा उलगडून बघतो. कुठे काही दिसत नाही.

माझा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "तेव्हा तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. यात तुमची काही चूक नाही." ते थेंबांबद्दल बोलत होते. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी खाली बघत होतो, आणि ती काही मला आजाराने करायला लावली नव्हती.

डंकाच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. माझ्या बाटल्या गप्प असतात. रोज सकाळी शटर उघडलं की मी कापराची डबी उघडून हुंगतो. वास आला की सुटल्यासारखं वाटतं, आणि लगेच स्वतःची लाज वाटते.

मागच्या महिन्यात पळसदरीच्या रस्त्याने कर्जतला गेलो. मुलीच्या घरी ती खिडकीपाशी बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेलं पातळ, चेहरा मोकळा. इतक्या वर्षांनी मी तो पूर्ण बघत होतो.

"आई, कोण आलंय बघ," मुलगी म्हणाली. "शिळफाट्याचे मेडिकलवाले काका."

तिने माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती. नवख्या पाहुण्याकडे बघतात तसं हसून ती म्हणाली, "बसा की. च्या घ्याल?"

मला अहो-जाहो ती कधीच करत नसे. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मनात आलं, विसरली. सगळ्यांबरोबर तेही विसरली असेल. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि पिशवीतून केळी काढली.

ती केळ्यांकडे बघत होती, मग माझ्याकडे बघू लागली. हसू तसंच होतं. तिचा हात मात्र मांडीवरून उठला, खांद्याकडे गेला, आणि तिने पदर ओढून नाकावर घेतला.

"ठसका लागतोय वाटतं तिला," मुलगी म्हणाली. "खिडकी लावते."